मदत हवी आहे: इंग्रजी शब्दांच्या व्याख्या पाठ, पण वापरताना अडतं

रोजचं इंग्रजी जमतं. अग्रलेख, गंभीर निबंध वाचताना वरच्या पातळीचे शब्द आडवे येतात, म्हणून ते इंग्रजी-इंग्रजी व्याख्यांमधून शिकतेय. मराठी अर्थ मुद्दाम लिहीत नाही.

व्याख्या लाँगमनच्या लर्नर्स डिक्शनरीतून घेते. तिथे त्या साधारण 2000 सोप्या शब्दांतच लिहिलेल्या असतात, त्यामुळे एका शब्दापायी आणखी चार शोधावे लागत नाहीत. मग अँकीवर (ठरावीक अंतराने कार्डं पुन्हा समोर आणून उजळणी करून घेणारं ॲप) कार्ड: पुढे शब्द, मागे व्याख्या. 570 शब्दकुलांची (एक शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुल) अकॅडेमिक वर्ड लिस्ट, म्हणजे शैक्षणिक लेखनात वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी, अशीच संपवली. वाचताना शब्द ओळखू येतात, लिहिताना मात्र आठवतच नाहीत किंवा भलत्याच शब्दाला जाऊन चिकटतात. 'मिटिगेट' आणि 'अलीव्हिएट', दोन्हींच्या व्याख्येचा गाभा तीव्रता कमी करणे हाच. मग 'रिस्क' सहसा पहिल्यासोबत आणि 'पेन' दुसऱ्यासोबत येतं, हे व्याख्येवरून कळावं कसं?

कार्ड उलटं करूनही पाहिलं. एकाच व्याख्येला तीन शब्द बसतात आणि अंदाजपंचे उत्तर दिलं जातं.

परीक्षा द्यायची नाही, घाई नाही, रोज अर्धा तास देता येतो. क्लास नको. 'भरपूर वाचा' हेही कृपया नको, ते चालूच आहे.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांना विचारायचंय: पुढच्या बाजूला गाळलेल्या जागेचं वाक्य टाकावं, की व्याख्याच ठेवून सोबत येणारे शब्द जोडावेत? आणि जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र शिकावेत, की अंतर ठेवून?