‘कलेक्टिव्ह एफिकसी’ला मराठीत काय म्हणाल?

शहापूरकर : वाचनालयातल्या व्याख्यानासाठी एक टिपण मराठीत करतोय, तिथं अडलोय. शिकागोत १९९५ साली ३४३ वस्त्यांतल्या ८,७८२ माणसांना विचारलं होतं : पोरं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी राहिली, भिंती रंगवू लागली, दारासमोर मारामारी जुंपली, तर शेजारी मध्ये पडतील का? शिवाय, शेजाऱ्यांवर विश्वास टाकता येतो का? जिथं दोन्हींना ‘हो’ आलं, तिथं वस्ती तितकीच गरीब असली तरी हिंसा कमी निघाली. सॅम्पसन, रॉडनबुश आणि अर्ल्स या संशोधकांनी १९९७ मध्ये हे ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं आणि या दोन्हींच्या जोडीला ‘कलेक्टिव्ह एफिकसी’ म्हटलं. मी ‘सामूहिक परिणामकारकता’ लिहिलं, तर बायको म्हणाली, कीटकनाशकाची जाहिरात करताय का?

व्याकरणवेडा : संज्ञा कानाला गोड लागायलाच हवी असं नाही. ‘सामूहिक कार्यक्षमता’ लिहा.

कडोलीची लेक : कार्यक्षमता पंपाची असते ओ सर. आमच्यात सरळ ‘गल्लीचा वचक’ म्हणतात. अनोळखी माणूस शिरला की कट्ट्यावरची आज्जी विचारायची, “कुणाच्यात आलासा?” भुरटा असला तर तिथनंच माघारी.

शहापूरकर : अक्का, आज्जी चपखल, पण वचकात भीती आली. इथं चोराला काय वाटतं हा प्रश्नच नाही. आज्जीनं हाक मारली तर चार दारं उघडतील, याची आज्जीला खात्री आहे का, हा प्रश्न.

निपाणीचा अण्णा : बरोबर. आमच्या वखारीमागच्या गल्लीत एकाच दादाचा वचक होता. चोरी व्हायची नाही, खरं त्याच्या पोरानं कुणाला बडवलं तर मधी कोण पडणार? सगळी खिडक्या लावून आत.

कडोलीची लेक : मग ‘गल्लीचा भरवसा’?

व्याकरणवेडा : भरवशाच्या म्हशीला टोणगा! श्रोते हसतील. आणि नुसत्या भरवशात कृती कुठे आली? शेजाऱ्याकडे किल्ली ठेवतो तोही भरवसाच. तो मारामारीत पडेल असं नव्हे.

शहापूरकर : हे मात्र मान्य. एकोपा आणि मध्ये पडायची तयारी, दोन्ही एका शब्दात बसत नाही, तिथंच घोडं अडलंय. कन्नड शेजाऱ्याला विचारलं, तो ‘सामूहिक सामर्थ्य’ म्हणाला. म्हणजे तिकडंही संस्कृतच.

व्याकरणवेडा : अण्णा, ‘चोरी व्हायची नाही, खरं’ हे काय? तिथे ‘पण’ हवं.

निपाणीचा अण्णा : आमचं ‘खरं’ म्हणजेच ‘पण’. आजोबाबी असंच बोलायचे.

व्याकरणवेडा : आजोबा बोलायचे म्हणून शुद्ध होत नाही. कन्नडचा परिणाम आहे हा.

कडोलीची लेक : कोल्हापुरातबी म्हणतात की! तिथं कुठला कन्नडचा परिणाम?

व्याकरणवेडा : कोल्हापूर काय लांब आहे का?

निपाणीचा अण्णा : लांब नाही, खरं कर्नाटकातबी नाही.