मदत हवी आहे: ६७ वर्षांच्या आईला कोकणकड्यावर न्यायचंय, कोणती वाट धरू?

रानजाई:

नमस्कार मंडळी. हरिश्चंद्रगडाच्या वाटा पायाखालच्या असणाऱ्यांकडून सल्ला हवाय. थोडं लांबण लावते, कारण नुसतं 'सोपी वाट कोणती' असं विचारून माझं काम भागणार नाही.

आईचं माहेर मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या पायथ्याला, बेलपाड्याच्या अलीकडे. आजोळच्या अंगणात उभं राहिलं की समोर कोकणकडा, हरिश्चंद्रगडाचा पश्चिमेकडचा कडा. समोर म्हणजे अगदी अंगावर. नागाने फणा काढावा तसा आत वळलेला, काळा, आडव्या थराथरांचा. त्याच्यामुळे त्या पट्ट्यात ऊन उशिरा येतं. आई सांगते, शाळेला निघायची वेळ घड्याळावर नाही, कड्याची सावली विहिरीपर्यंत मागे सरली की व्हायची. पावसात कड्यावरून पडणारं पाणी खाली पोचायच्या आत वारा परत वर उडवून न्यायचा, ते ती आणि मामा ओसरीत बसून बघायचे.

एवढं सगळं खालून बघितलं, पण वर ती कधीच गेली नाही. त्या काळी मुलींना कोण नेणार गडावर? लग्न होऊन डोंबिवलीला आली, मग संसार. गेल्या दिवाळीत जेवताना सहज म्हणाली, "एकदा वरून आपलं घर कसं दिसतं ते बघायचं होतं." मी तेवढं धरून बसलेय.

गेल्या वर्षी एक प्रयत्न फसला. ट्रेक नेणाऱ्या एका ग्रुपकडे पैसे भरले. आईचं वय सांगितलं, डाव्या गुडघ्याची झीज सांगितली. "काकू आरामात चढतील" असं उत्तर आलं. प्रत्यक्षात रात्री गडाच्या पायथ्याच्या खिरेश्वर गावात उतरवलं आणि अंधारात टॉर्चच्या उजेडात चालायला लावलं. टोलार खिंडीपर्यंत आई कशीबशी आली. खिंडीतल्या वाघाच्या शिल्पापाशी टेकली, आणि पुढे कातळातली खडी चढण आहे म्हटल्यावर तिनेच सांगितलं की आता मी परत फिरते. बाकीची मंडळी पुढे गेली. आम्ही दोघी पहाटेपर्यंत खिंडीत बसलो आणि उजाडल्यावर उतरलो. आईने एका शब्दाने तक्रार केली नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

तर आता विचारायचं ते असं. पाचनई गावाकडून गडावर चढणारी वाट तिला झेपेल का, आणि उतरताना गुडघ्याचं काय? कोणत्या महिन्यात नि दिवसाच्या कोणत्या वेळी खालची गावं स्वच्छ दिसतात? आणि कड्याच्या काठावर तिला कितपत जवळ नेऊ? आई रोज सकाळी चार किलोमीटर चालते, दम चांगला आहे. गुडघा तेवढा कुरकुरतो.

कातळवेडा:

ताई, आधी एक सांगतो. खिरेश्वर–टोलार खिंड ही वाट वाईट नाही, पण गुडघेदुखीच्या माणसाला रात्री त्या वाटेने नेणं हा शुद्ध हलगर्जीपणा. दिवसाउजेडीसुद्धा ती चार-पाच तासांची वाट आहे. खिंडीनंतरच्या कातळटप्प्याला रेलिंग आहेत, पण पायऱ्या उंच. तो टप्पा संपल्यावर पठारावरच्या टेकड्यांची चढउतार संपता संपत नाही. काकूंनी खिंडीतून परत फिरायचं ठरवलं ते शंभर टक्के बरोबर केलं.

पाचनईच धरा. गाव आधीच उंचावर असल्यामुळे निम्मी चढण गाडीच चढते. सुरुवातीला झाडीतून अंगावरची चढण आहे, तिथेच काय तो दम लागेल. मग वाट एका भल्यामोठ्या कातळभिंतीच्या पोटातून आडवी जाते. डोक्यावर कातळाचं छप्पर, एका बाजूला दरी. वाट रुंद आहे, घाबरण्यासारखं काही नाही. पुढे मंगळगंगेच्या ओढ्याच्या संगतीने चाललं की हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ येतं. धडधाकट माणसाला दोन-अडीच तास लागतात. तुम्ही साडेतीन धरा आणि घड्याळ बॅगेत टाका. देवळापासून कडा पश्चिमेला, अर्ध्या तासाची बरीचशी सपाट चाल.

खरी परीक्षा उतरताना. दोन काठ्या घ्या, एक नव्हे. काठीची उंची उतरताना वाढवून घ्यायची, म्हणजे शरीराचा भार पुढच्या पायाऐवजी हातांवर येतो. मोठी पायरी असेल तिथे काकूंना एका कुशीला वळून उतरू द्या आणि दुखरा पाय आधी खाली ठेवायला सांगा. चढताना याच्या उलट, चांगला पाय आधी वर. माझ्या वडिलांना फिजिओथेरपिस्टने हेच शिकवलं होतं आणि त्यांना फार उपयोग झाला.

घाटवाटकरी:

वेळेबद्दल मी सांगतो, कारण त्या कड्यावर मी बरेच दिवस नुसता बसून काढलेत.

कड्याचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि कड्याची सावली खालच्या गावांवर पडलेली असते. काकू ज्या सावलीवर शाळेची वेळ ओळखायच्या, तीच सावली. ती जसजशी मागे येते तसतशी शेतं, घरं, नदी एकेक करून उजळत जातात. दुपारनंतर सूर्य समोर येतो, डोळे दिपतात आणि धुरकटपणामुळे कोकण नुसतं पांढरं दिसतं. सूर्यास्त फोटोला सुंदर, पण घर ओळखायला कुचकामी. म्हणून दहा ते बारा ही तुमची वेळ. महिना डिसेंबर. ऑक्टोबरात गवत माजलेलं असतं आणि वाटेवर ओल असते. फेब्रुवारीनंतर खाली वणवे लागतात आणि सगळं धुरात जातं.

इंद्रवज्राचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. दरीत ढग भरलेले आणि पाठीमागून सकाळचं ऊन असलं की ढगांवर पूर्ण गोल इंद्रधनुष्य उमटतं आणि त्याच्या मधोमध आपलीच सावली. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इथल्या या देखाव्याची नोंद १८३५ साली छापली आहे. पण त्याला दरीत ढग लागतात, आणि ढग असले तर गाव दिसत नाही. दोन्ही एकाच सकाळी मागू नका. तुम्हाला गाव हवंय.

काठाबद्दल कळकळीने सांगतो. हा कडा सरळसोट नाही, आत गेलेला आहे. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. हे थर सगळे सारख्या ताकदीचे नसतात. काही आधी झिजतात, वरचे टिकाऊ थर पुढे तसेच राहतात. म्हणजे आपण काठावर उभे असतो तेव्हा पायाखाली बऱ्याच ठिकाणी पोकळी असते. उभ्याने डोकावायचं नाही. काठापासून चार पावलं मागे बसायचं, आणि अगदीच बघायचं तर पोटावर झोपून, मागून कोणीतरी पाय धरून. शिवाय खालून येणारा वारा टोपी, ओढणी, पदर सगळं उडवतो. काकूंना साडीचा पदर खोचून घ्यायला सांगा, किंवा पंजाबी ड्रेस बरा.

रानजाई:

दोघांचेही मनापासून आभार. सावलीचं वाचून दाखवलं तेव्हा आई कितीतरी वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बघ, वरच्या लोकांनापण ती सावली माहितीये."

अजून एक शंका. एवढ्या उंचीवरून एक घर ओळखू येईल का? घर कौलारू आहे, शेजारी विहीर आणि मोठी चिंच. आजूबाजूला आता पत्र्याची आणि स्लॅबची बरीच घरं झालीत. दुर्बीण आहे, साधीच, आठपट मोठं दाखवणारी. मामा अजून तिथेच राहतो.

मावळतीचा वारा:

मामा तिथे राहतो? मग प्रश्नच मिटला. मामांना अंगणात आरसा घेऊन उभं राहायला सांगा!

चेष्टा नाही करत. सकाळी अकराच्या सुमारास सूर्य तुमच्या मागे, म्हणजे मामांना तो कड्याच्या वर दिसणार. त्यांनी सूर्य आणि कडा यांच्या मधल्या दिशेला आरसा धरून हळूहळू हलवला की कवडसा कड्यावर येतो. हातभर आरशाची चमक काही किलोमीटरवरून नुसत्या डोळ्यांनी दिसते. दाढीचा आरसाही चालेल, पण कपाटाचा असला तर उत्तम. वेळ आधी पक्की ठरवा, वर फोन लागेलच या भरवशावर राहू नका. पंधरा मिनिटं सलग हलवत राहायचं, थांबायचं नाही.

दुसरं, आदल्या रात्री पाचनईतच मुक्काम करा. गावात घरगुती राहायची आणि जेवायची सोय होते. डोंबिवलीहून मुरबाड, माळशेज, ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ करत जा, म्हणजे वाटेत मामांना भेटून आरशाचं समजावून सांगता येईल. कसारा, घोटी, राजूर हा दुसरा रस्ता, पण तुम्हाला माहेर गाठायचंय तर पहिलाच बरा. गावातला एखादा वाटाड्या घ्या. वाट चुकण्यासारखी नाही, पण आडवाटेला हात द्यायला माणूस हवा. हा भाग कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वनखात्याचं प्रवेशशुल्क भरावं लागतं. तेव्हाच नियमही विचारून घ्या.

आणि गडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत काकू नक्की जाणार. ते भलंमोठं शिवलिंग, भोवती कमरेएवढं पाणी, चारपैकी एकच खांब शाबूत. पाहून कोणाचेही हात जोडले जातात. पण पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालू देऊ नका. डिसेंबरात ते पाणी हाडं गोठवतं, आणि तोच गुडघा घेऊन त्यांना उतरायचंय. काठावरून नमस्कार पुरे.

रानजाई:

जाऊन आलो! उशिरा लिहितेय त्याबद्दल माफ करा.

पाचनईत ज्यांच्या घरी राहिलो त्या बाईंनी पहाटे चुलीवरचं कढत पाणी आणि नाचणीची भाकरी दिली. फटफटताना सवासहाला निघालो. पहिल्या चढणीला आई चार वेळा बसली. कातळाच्या छपराखाली आल्यावर तिचा चेहराच बदलला, हात लावून लावून चालत होती. देवळाशी पोचायला पावणेचार तास लागले. गुहेचं दर्शन परतताना घ्यायचं ठरवून आधी कड्यावर गेलो.

अकराला दहा मिनिटं होती. काठापासून मागे, एका सपाट कातळावर आईला बसवलं. वाटाड्या दादा तिच्या आणि दरीच्या मध्ये बसले, ते शेवटपर्यंत हलले नाहीत. खाली सगळं लख्ख होतं. आईने आधी नदीचं वळण ओळखलं, मग शाळा, मग देवळाचं शिखर. घर काही सापडेना. पत्र्यांच्या गर्दीत तिची नजर फिरत राहिली, दुर्बीण हातात थरथरत होती.

आणि मग चमकलं. एक पांढरा ठिपका, एकदा, दोनदा, मग सारखाच. आईने माझं मनगट एवढं घट्ट धरलं की बांगडीचा वळ उठला. "तो बघ, तो बघ, आपल्या अंगणात आहे!" मामाने कपाटाचा अख्खा दरवाजाच काढून आणला होता, हे नंतर कळलं. पंधरा मिनिटं सांगितली होती, तो अर्धा तास हलवत होता. आईनेही डब्याचं स्टीलचं झाकण धरून उत्तर द्यायचा खूप प्रयत्न केला, पण ऊन पाठीशी असल्याने ते काही जमेना. मग ती नुसताच हात हलवत राहिली.

उतरताना दोन काठ्या आणि 'दुखरा पाय आधी' यांनी आम्हाला तारलं. साडेपाचला पाचनईत आलो. गुडघा सुजला होता, दोन दिवसांत उतरला.

रात्री मामाला फोन लागला. आम्हाला वाटलं आई आता रडणार. तिने विचारलं ते इतकंच, "अरे, विहिरीजवळची चिंच कधी पाडलीस? मला सांगितलं नाहीस ते."