मदत हवी आहे: रिॲक्टमध्ये लोडिंगचा पसारा आवरायचा कसा?

ठाणे–वाशी मार्गाचं वेळापत्रक दाखवणारं ॲप आहे, रिॲक्ट १९ (वेबपानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) वर. दर कंपोनंटमध्ये (स्क्रीनच्या तुकड्यात) डेटा, लोडिंग, एरर ठेवायला तीन यूजस्टेट आणि डेटा आणायला एक यूजइफेक्ट. तेच ते सगळीकडे. ऐरोलीवरून पटकन घणसोली निवडलं की ऐरोलीचं उशिरा आलेलं उत्तर घणसोलीच्या नावाखाली दिसायचं. यूजइफेक्टच्या क्लीनअपमध्ये ॲबॉर्टकंट्रोलर लावून, म्हणजे जुनी विनंती रद्द करून, ते थांबलं, पण आता ॲबॉर्टएरर कॅचमध्ये येतो, तो गाळावा लागतो. फेच (सर्व्हरकडून डेटा मागवणारं फंक्शन) तर ४०४ किंवा ५०० असा एरर कोड आला तरी प्रॉमिस रिजेक्ट करत नाही, म्हणजे कॅचमध्ये जात नाही, रिस्पॉन्सचा ओके वेगळा तपासायचा. (हे अजूनही अनेकांना माहीत नसतं!)

रिॲक्टचेच सस्पेन्स (डेटा येईपर्यंत फॉलबॅक, म्हणजे तात्पुरता मजकूर दाखवणारं) आणि यूज (प्रॉमिसमधलं उत्तर वाचणारं) वापरावं, तर रेंडरमध्ये बनवलेलं प्रॉमिस दर वेळी नवं, म्हणजे फॉलबॅक पुन्हा पुन्हा, कॅश लागतेच. मग टॅनस्टॅक क्वेरी ५ (डेटा आणून कॅश करणारी लायब्ररी) बरी वाटते: क्वेरी-कीमध्ये (कॅशमधल्या नावात) स्टेशन, पहिल्यांदा इजपेंडिंगवर स्केलेटन (यादीच्या जागी करडे रिकामे पट्टे), नंतर इजफेचिंगवर छोटा स्पिनर.

अडलंय इथे: नवा डेटा येईपर्यंत जुना दाखवणारा कीपप्रीव्हियसडेटा लावला की स्टेशन बदलल्यावर क्षणभर जुनीच यादी दिसते. इजप्लेसहोल्डरडेटावर (दिसतोय तो डेटा जुना आहे हे सांगणारी खूण) ती फिकट करणं पुरेसं आहे, की वेळापत्रकासाठी सरळ स्केलेटनच दाखवावा? लोकलच्या वेळा आहेत, चुकीची वेळ वाचली तर गाडी गेलीच. आणि जलद नेटवर स्केलेटन नुसता लुकलुकतो. तो २०० मिलिसेकंद उशिरा दाखवायचं काम सीएसएसवर सोडता का टायमरवर?