गार्डविना उपनगरी गाडी: शेवटची नजर कोणाची?

धागाकर्ता:
उपनगरी गाडीची दारे उघडण्या-मिटण्याचे कामही मोटरमनकडे द्यावे आणि गार्डचे पद काढावे, या मताचा मी आहे. लंडनची व्हिक्टोरिया मार्गिका १९६८ पासून गार्डविना धावते. तिथल्या भुयारी रेल्वेतील उरलेसुरले गार्डही २००० मध्ये गेले. डब्यांच्या बाहेरच्या अंगाला कॅमेरे आणि केबिनमध्ये पडदे बसवले की सगळी दारे बसल्या जागी दिसतात.

प्रतिसाद १:
दिसतात, पण पाहिली जातात का? जुलै २०१५ मध्ये लंडनच्या हेज अँड हार्लिंग्टन स्थानकात, अशाच गार्डविना चालणाऱ्या गाडीच्या मिटत्या दारात एका महिलेचा हात अडकला आणि गाडी तिला फरफटत घेऊन निघाली. दारे लागल्याचा दिवा पेटला होता आणि मोटरमनने त्यावर भिस्त ठेवली. हात किंवा पिशवीचा पट्टा यांसारखी बारीक वस्तू मध्ये असली, तरी तो दिवा पेटू शकतो.

धागाकर्ता:
गार्ड असल्याने तरी काय साधते? २०११ मध्ये लिव्हरपूलच्या जेम्स स्ट्रीट स्थानकात एक तरुणी गाडीला टेकून उभी असताना गार्डनेच निघण्याची खूण दिली आणि तिचा जीव गेला. पुढे न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. चूक नजरेची आहे, पदाची नव्हे.

प्रतिसाद २:
दोन्ही दाखले खरे आहेत, पण मूळ प्रश्न गाडीत काय बदलायचे हा आहे. बारा डब्यांची चित्रे छोट्या चौकटींत, तीही मावळतीचे ऊन भिंगावर पडत असताना, काही सेकंदांत तपासायची आणि लगेच नजर सिग्नलकडे वळवायची, हे एका माणसाचे काम सोपे नाही. मोटरमन बेशुद्ध पडला तर गाडी आपोआप थांबेल खरी, पण दोन स्थानकांच्या मध्ये अडकलेल्या प्रवाशांना कोण सांभाळणार? नियंत्रण कक्षाला डब्यांतील प्रवाशांशी थेट बोलता येईल अशी सोय हवीच. शिवाय कर्मचाऱ्यांना विश्वासात न घेता हे रेटले, तर बेडफर्ड-लंडन मार्गावर झाले तेच होईल: तिथे १९८२ मध्ये नव्या गाड्या तयार असूनही, याच वादापायी त्या कित्येक महिने उभ्या राहिल्या.

प्रतिसाद १:
ग्लासगो परिसरातील तोडगा मला निदान विचार करण्याजोगा वाटतो: दारे मोटरमनकडे, पण गाडीत तिकीट तपासनीस असतोच. मात्र तो ऐनवेळी आला नाही, तर गाडी रद्द होणार की त्याच्याविना निघणार, हे नियमात आधीच लिहिलेले असावे. लंडनच्या दक्षिणेकडील मार्गांवर २०१६ पासून चिघळलेल्या संपांत कळीचा मुद्दा नेमका हाच होता.