घरचं वीजमापक: नुसता चिमटा पुरे की पीझेम घ्यावं?

आगरातला:
नमस्कार मंडळी. घर गुहागरला, मागे आगर, विहिरीवर एक एचपीचा सिंगल फेज पंप. आई-बाबा दोघंच तिथे, मी पुण्याला. पाऊस सरून शिंपणं सुरू झालं की बिल फुगतं. बाबांच्या मते फ्रिज खातो, आईच्या मते पंप. ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) पडून आहे. एससीटी-०१३ चा १०० अँपिअरचा चिमटा (तारेभोवती बसणारा सेन्सर) लावून करंट मोजला आणि २३० ने गुणलं तर चालेल ना? संध्याकाळी व्होल्टेज पार खाली येतं आमच्याकडे.

जुना वायरमन:
व्होल्टेज हलतं म्हणता, मग २३० ने गुणून हाती काय लागणार? त्यात पंप म्हणजे मोटर. अँपिअर गुणिले व्होल्ट केलंत की व्हीए (व्होल्ट-अँपिअर) मिळतात, घरगुती बिल येतं वॅटच्या हिशोबाने. पॉवर फॅक्टर (व्हीएपैकी खरे वॅट किती ते प्रमाण) ०.७५ धरला तर तुमचा आकडा खऱ्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने जास्त येईल. आणि तो चिमटा एक अँपिअरला अर्धा मिलिअँपिअर देतो. ३३ ओहमच्या रेझिस्टरवर ते १६ मिलिव्होल्ट. फ्रिज घेतो अर्धा-पाऊण अँपिअर, तो ईएसपीच्या एडीसीच्या (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाच्या) गोंगाटात सापडायचा नाही.

पीझेम-००४टी घ्या, वीज मोजणारा तयार छोटा बोर्ड, तिसरी आवृत्ती. व्होल्टेज, करंट, खरे वॅट, पॉवर फॅक्टर, युनिट सगळं तोच काढतो, लाइट गेली तरी युनिट विसरत नाही. ईएसपीहोममध्ये (ईएसपीसाठीचं सॉफ्टवेअर) त्याचा तयार कोड आहे. दोन घ्या, एक मेनवर, एक पंपावर. पत्ते वेगळे दिले की दोन्ही ईएसपीशी त्याच दोन तारांवर बोलतात. पीझेमच्या करंट मोजणाऱ्या रिंगमधून फक्त फेज न्यायचा. न्यूट्रलही सोबत घातलात तर दोन्ही एकमेकांना खाऊन शून्य दिसेल. मीटरच्या सीलला हात नको, मेन स्विचच्या पुढे जोडा. पीझेमच्या बोर्डाच्या एका बाजूला थेट २३० व्होल्ट असतात, तेव्हा तुमच्या गावच्या वायरमनला बोलवा. फोनवरून बाबांकडून हे करून घेऊ नका, हात जोडतो.

माडाखाली:
हे सगळं ठेवायची पेटी प्लास्टिकची, झाकण घट्ट. पडवीत लावलीत तर खाऱ्या हवेने टर्मिनलं हिरवी पडतात, आणि पालींना असल्या उबदार जागा फार आवडतात.

खर्चाआधी एक करा. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो ना? पाटीवर युनिटला किती पल्स ते छापलेलं असतं. ३२०० असेल तर ११२५ भागिले दोन लुकलुकांमधले सेकंद, म्हणजे वॅट. मोबाइलवर व्हिडिओ काढून मोजा.

आगरातला:
३२००च आहे. बाबांनी व्हिडिओ पाठवले. नुसता फ्रिज चालू असताना दर दहा सेकंदांना एक, म्हणजे ११२ वॅट. फ्रिज बंद करून पंप लावला तर दहा लुकलुकांना साडेसात सेकंद, म्हणजे १५०० वॅट. आईला अजून सांगितलेलं नाही. एक एचपीला १५०० जास्त नाहीत का?

जुना वायरमन:
जास्तच. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, तेही मोटरच्या दांड्यावर. जुनी छोटी मोटर त्यासाठी हजार-बाराशे ओढेल. कपॅसिटर उतरलाय का बघा, बेअरिंग घासतंय का बघा. व्हिडिओ संध्याकाळचा असेल तर सकाळी परत काढा, व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढून तापते. तेवढ्यात पीझेम मागवून ठेवा, दिव्यावरून व्होल्टेज कळत नाही.