फिरतं कृष्णविवर आणि "अमर्याद ऊर्जा": ही पोस्ट थांबवा

परभणीकर:
सकाळपासून ग्रुपावर फिरतंय: "फिरत्या कृष्णविवराजवळ दोन कण आदळले की अमर्याद ऊर्जा निघते, औंढ्याची लायगो तीच पकडणार." लायगो म्हणजे हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला उभी राहत असलेली वेधशाळा. बारावीला फिजिक्स शिकवतो, गप्प बसवत नाही. बनाडोस, सिल्क आणि वेस्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये मांडलेली ऊर्जा टकरीच्या जागची, त्या दोन कणांच्या आपसातली. बाहेर येईतो गुरुत्वाकर्षण ती खाऊन टाकतं. शिवाय कृष्णविवर कमाल वेगानं फिरणारं हवं, एका कणाचा कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) काटेकोर जुळायला हवा, आणि असा कण क्षितिजाशी, म्हणजे जिथून काहीच परत येत नाही त्या सीमेशी, पोचायला अनंत काळ घेतो. भौतिकशास्त्रज्ञ थॉर्न यांनी 1974 मध्येच दाखवलं की भोवती फिरणाऱ्या तबकडीतला वायू गिळणारं कृष्णविवर कमाल फिरण्याच्या 0.998 पटीपुढं जात नाही; तबकडीचाच प्रकाश आत पडून त्याला आवरतो. तिथं दोन प्रोटॉन आदळले तर जेमतेम 18 जीईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक). जिनिव्हाजवळच्या एलएचसी या कण आदळवायच्या यंत्रात 13,600! आणि लायगो गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशाची थरथर, मोजणार, कण नाही.

लातूरकर:
ती पोस्ट माझी आहे, सर. गुरुत्वाकर्षण सगळं खातं म्हणता, मग भौतिकशास्त्रज्ञ श्निटमन यांनी 2014 मध्ये काढलेलं का सांगत नाही? टकरीतून निसटलेला कण आत गेलेल्या ऊर्जेच्या जवळपास 14 पट घेऊन येऊ शकतो. ती कृष्णविवराच्या फिरण्यातूनच येते. आमच्या बारावीच्या सरांनी परिवलनाचा धडा "घरी वाचा" म्हणून सोडला. कोनीय संवेग मला 26 व्या वर्षी मोबाईलवर कळला. आता कळलेलं लिहिलं तर थांबवा म्हणायलेत.

नांदेडकर:
मास्तरांना काहून बोलायलेत? पटावर 60 पोरं, वर्गात 4. बाकीची क्लासला. लातूरकरांनी तर बोलूच नये, क्लासचं पीक तिथलंच.

लातूरकर:
गावावर जाऊ नका. बापानं सोयाबीन विकून माझी फी भरलीय. कॉलेजात शिकवलं असतं तर कशाला गेलो असतो?

वसमतची ताई:
भांडा, पण माझंही ऐका. मी शिकवत होते त्या शाळेत प्रयोगशाळेच्या खोलीत तांदळाची पोती होती. कोनीय संवेग दाखवायला फिरती खुर्ची मागितली, मिळाली नाही. झोक्याच्या दोरीला पीळ देऊन पोरीला बसवायचे, पाय आत घेतले की ती गरगर फिरायची. पोरींना ते अजून आठवतं. धडा सोडणाऱ्यांना माफी नाही.

परभणीकर:
धडा सोडला ते चूकच, ताई. 14 पटीचं मी लिहायला हवं होतं, तेही मान्य. पण तेसुद्धा कमाल फिरणाऱ्यालाच. त्यापेक्षा पोरांना वाघ, धुरंधर आणि दधिच या भारतीय शास्त्रज्ञांचं 1985 चं काम सांगा. कृष्णविवराभोवती चुंबकीय क्षेत्र असलं की विद्युतभारित कणांना ऊर्जा काढून घेणं कितीतरी सोपं जातं. मला राग कशाचा आला ते सांगतो. माझी मावशी औंढ्याची. काल तिनं फोन करून विचारलं, "आपली विहीर त्या विवरात जाईल का रे?" रात्रभर झोपली नाही ती.

लातूरकर:
औंढ्याचं वाक्य आत्ता काढलं. मावशींना सांगा. "अमर्याद" मात्र काढणार नाही, गणितात ते आहे.

परभणीकर:
मग "कमाल वेगानं फिरणाऱ्या" हे त्याच ओळीत घाला. खालची ओळ कुणी वाचत नाही.