वंशावळींचं वाचनालय चालवतोय, जुने कागद लॅमिनेट करू की नको? (नाशिक)

तिवंधेकर:
नमस्कार मंडळी. आधी जरा मागचं पुढचं सांगतो नाहीतर प्रश्न कळणार नाही. आम्ही सहा जण जुन्या नाशकात एका वाड्याच्या खालच्या खोलीत वंशावळींचं छोटं वाचनालय चालवतो, गुरुवार रविवार संध्याकाळी दोन तास, फी नाही, सहातले चार रिटायर्ड. सावाना म्हणजे सार्वजनिक वाचनालय वगैरे नव्हे हां, ते 1840 पासूनचं, त्यांच्याकडे इमारत आहे माणसं आहेत, आमच्याकडे चार लोखंडी कपाटं आणि एक पंखा.

छापील कुलवृत्तांत सोपे, पुस्तकासारखे लावले की झालं. घोळ आहे तो हातानं लिहिलेल्याचा. वाडा पाडायला काढला की लोक माळ्यावरचा गठ्ठा आणून टेबलावर ठेवतात आणि जातात, त्यात मोडी कागद, पत्रिका, लग्नपत्रिका, फोटो, कुणीतरी पाठकोऱ्या कागदावर काढलेली वंशवेल, सगळं एका जुन्या धोतराच्या फडक्यात. 2023 ला कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हापासून तर गर्दी अशी वाढली की ज्या गठ्ठ्याला वीस वर्षं कोणी हात लावला नव्हता तो आठवड्यात तीनदा उपसला जातो.

आता प्रश्न. पावसाळ्यात दोन कपाटांत कसर लागलीये. आमचे खजिनदार म्हणतात सगळं लॅमिनेट करून टाका. कॉलेजचा एक मुलगा येतो तो म्हणतो मोबाईलवर स्कॅन करा आणि मूळ कागद ज्याचे त्याला परत द्या. मला वाटतं आधी आडनावाप्रमाणे लावून घ्यावं. आणि खरं सांगायचं तर अकरा कागद मी कुणाचं तरी मशीन मागून आणून ऑलरेडी लॅमिनेट केलेत, आता शिव्या घाला.

शिवाय मागच्या महिन्यात एक काका आले, म्हणाले धाकट्या भावानं मला न विचारता गठ्ठा दिलाय, परत करा. कोणता गठ्ठा कोणी दिला याची आमच्याकडे नोंदच नाही. त्यांनी ओळखला म्हणून सापडला.

चीकवाली मावशी:
शिव्या नाही घालत पण मशीन ज्याचं असेल त्याला आजच परत द्या. मी एका संस्थेत पोथ्यांच्या दुरुस्तीचं काम बरीच वर्षं केलंय. गरम लॅमिनेशनमधे प्लास्टिकचा डिंक कागदाच्या आत वितळतो, तो परत निघत नाही, आणि आतला कागद पिवळा पडायचा तो पडतोच. ते अकरा आता सोलायला जाऊ नका, साल निघाल्यासारखी अक्षरं वर येतील. दोन्ही बाजूंचे चांगले फोटो काढा आणि वेगळ्या फाईलमधे अंधारात ठेवा. सेलोटेपचंही तेच, दहा वर्षांनी टेप गळून पडते आणि खाली तपकिरी चिकट डाग राहतो तो कायमचा.

फाटलेलं जोडायचंच असेल तर आपल्या घरातलीच गोष्ट आहे. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतो ना, तीन दिवस भिजवून वाटून गाळून, वरची निवळ फेकून खाली बसतो तो? तोच पातळ शिजवायचा, मीठ हिंग काही नाही, आणि पातळ जपानी टिश्यू कागदाच्या पट्टीला लावून मागच्या बाजूनं चिकटवायचं. पाण्यानं परत सुटतो हा त्याचा मोठा गुण. बाइंडरकडची खळ नको, त्यात मोरचूद घालतात, किडा मरतो पण तांब्यानं कागदही खराब होतो. पण आधी कापसाच्या ओल्या बोळ्यानं कोपऱ्यातलं एखादं अक्षर टिपून बघा, काजळाची शाई उन्हानं उडत नाही पण पाणी लागलं की कधीकधी पसरते, तसं असेल तर ओलं काहीच करू नका, नुसता घडीत ठेवा.

कसरीला डांबर गोळ्या टाकल्या असतील तर काढा, बंद खोलीत तुम्हीच बसता तिथे. कसरीला दमट जागा लागते, म्हणून कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, खालचा खण रिकामा, पावसाळा संपला की गठ्ठे सोडून सावलीत पंख्याखाली दोन दिवस. उन्हात नाही!! वेखंडाच्या पुरचुंड्या पूर्वीपासून ठेवतात, ठेवा, पण वेखंड ठेवलं म्हणून झाडलोट चुकत नाही. जास्त लागलेला गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधून डीप फ्रीजरमधे, उणे वीसला, दोन आठवडे. घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात नाही, तो तेवढा थंड होत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका नाहीतर कागदाला घाम फुटतो.

पंचवटीतला:
मावशींनी खालचा खण रिकामा सांगितलाय पण दादा तुमची खोलीच खालची आहे, ते बघा आधी. ऑगस्ट 2016 आणि ऑगस्ट 2019 दोन्ही वेळा गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला होता हे गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या माणसाला सांगायला नको. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की तुमच्याकडे चार कपाटं वर न्यायला किती माणसं आणि किती वेळ? आमच्याकडे 2019 ला पुस्तकं भिजली, चार दिवस कोणी आत गेलं नाही, सगळ्यांची वीट झाली. हस्तलिखितं तरी पहिल्या मजल्यावर न्या, जिना अरुंद असला तरी.

बोरूवाला:
मोडी वाचतो, हौशी आहे. सगळे लॅमिनेशनवर बोलतायत, मला भीती तुमच्या आडनावाप्रमाणे लावण्याची वाटते. तेवढं करू नका हो. धोतराच्या फडक्यात जे एकत्र आलं ते एकत्रच राहू द्या. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालात बांधलेले, आणि आजही लोक रुमाल क्रमांकच सांगतात, त्याला कारण आहे. एका मोडी चिठ्ठीवर नाव नसतं, गाव नसतं, पण ती ज्या गठ्ठ्यात सापडली त्यातल्या शेजारच्या कागदावर असतं. तुम्ही ती उचलून दुसऱ्या फाईलमधे टाकली की ती कायमची अनाथ. गठ्ठा आला की आधी जाड वही काढा, तारीख, कोणी दिला, त्यांना कोणाकडून मिळाला, कायमचा दिला की सांभाळायला, आणि सही. मग प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं गठ्ठा नंबर आणि कागद नंबर. पेन नको, वाचनालयाचा शिक्का तर अजिबातच नको.

फोटो नंतर. पाठपोट काढा, मागे कोरं दिसलं तरी, मागेच कुणीतरी हिशोब मांडून ठेवलेला असतो.

सनांचं सांभाळा. नुसता 1275 दिसला की लोक शके समजून 78 मिळवतात आणि पणजोबा थेट बहामनींच्या काळात जातात. फसली, म्हणजे महसुलाचा सन असेल तर 590 किंवा 591 मिळवायचे, म्हणजे 1865-66. पेशवाईतल्या कागदात शुहूर सन अरबी शब्दांत येतो, सीत सबैन मया व अलफ म्हणजे 1176, त्यात 599 किंवा 600, म्हणजे 1775-76. वहीत मूळ सन जसाच्या तसा लिहा, तुमचा इसवी सन शेजारी वेगळा. नावांचंही तसंच. मोडीत ऱ्हस्व दीर्घ पाळत नाहीत आणि शब्दांत जागा सोडत नाहीत, त्यामुळे आपल्याला हवं ते वाचायचा मोह फार, विशेषतः समोर दाखला पाहिजे असलेला माणूस बसला असेल तर. खात्री नाही तिथे प्रश्नचिन्ह टाकायचं, कोणी रागावलं तरी.

पंचवटीतला:
आडनावावरून आठवलं, रामकुंडावर क्षेत्रोपाध्यांकडे गेलात तर ते पहिलं काय विचारतात? मूळ गाव कोणतं. मग आडनाव. त्यांच्या चोपड्या पिढ्यानपिढ्या अशाच चालल्यात, श्राद्धाला आलेल्या माणसाचं आजोबांच्या हातचं लिहिलेलं दहा मिनिटांत काढून दाखवतात. आडनाव बदलतं, कुणी गावावरून लावतं कुणी हुद्द्यावरून, एकाच घरात दोन भाऊ दोन आडनावं. तुमचा इंडेक्स गावावर करा.

बोरूवाला:
शंभर टक्के. फक्त गावासोबत कागदात लिहिलेला तालुका आणि आजचा तालुका दोन्ही टाका, पिंपळगावं आणि वडाळ्या किती आहेत मोजा. नाशिक जिल्हाच 1869 चा, त्याआधीचा कागद नगर नाहीतर खानदेश सांगणार.

माहेरची वेल:
मी वाचक म्हणून लिहिते, असल्याच एका ठिकाणी आजीचं माहेर शोधायला गेले होते. सात पिढ्यांची वंशावळ, एकही बाई नाही, लग्न होऊन आलेलीच्या जागी नुसतं "सौ." लिहिलेलं. मग एका काकांनी लग्नपत्रिकांचा गठ्ठा दिला, त्यात "अमक्याची ज्येष्ठ कन्या" असं छापलेलं असतं ना, तिथे सापडलं. तेव्हा पत्रिका रद्दीत घालू नका प्लीज.

आणि एक. माझ्या शेजारी बसलेल्या माणसानं दुसऱ्याच कुणाच्या घरातलं दत्तक प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवलं, सगळे हसले, त्या घरातली मुलगी तिथेच होती. जिवंत माणसांची पानं कोणालाही उघडून देऊ नका.

तिवंधेकर:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मशीन परत केलं, खजिनदार दोन दिवस बोलत नव्हते, मग चीक म्हटल्यावर त्यांच्या सौ. नी स्वतःहून वाटीभर पाठवला, मीठ घातलेला, तो आम्ही खाल्ला. वही सुरू केलीये. पहिल्या रविवारी चार तासांत दीड गठ्ठा झाला, म्हणजे या हिशोबानं मी नव्वदीत जाईन. वरच्या मजल्याचं मालकांशी बोलतोय. मूळ कागद परत देऊन टाकायचे की नाही यावर मात्र आमच्यात अजून एकमत नाही, मुलगा हट्ट सोडत नाहीये.

चीकवाली मावशी:
ज्यांच्या घरी ठेवायला कोरडी जागा आहे त्यांना द्या की. बाकीचे ते परत माळ्यावरच टाकणार. मुलाला म्हणावं तुझ्या फोनमधले मागच्या फोनवरचे फोटो दाखव.

नवा सभासद 22:
सर आमचं मूळ गाव वडनेर भैरव ता. चांदवड, तुमच्याकडे गठ्ठा आहे का? आडनाव मेसेज करतो. रविवारी किती वाजता येऊ?